दहाचा शेअर स्वस्त की लाखाचा?

बंड्याचं डिमॅट खातं नुकतंच उघडलंय, त्यामुळे विषय त्यानेच काढला. "एमआरएफ लाखाच्या पुढे आणि वोडाफोन आयडिया दहाच्या आसपास. स्वस्त काय ते उघड आहे की!"

"कसलं उघड?" अण्णा म्हणाले. "एमआरएफचे एकूण शेअर ४२ लाखांच्या आसपास, आयडियाचे हजारो कोटी. वाटे जास्त, म्हणून वाटा लहान. एका शेअरमागे कमाई किती, ते बघ. आयडियाने २०१८ च्या विलीनीकरणानंतर वर्षानुवर्षं तोटाच दाखवलाय."

"म्हणजे पीई, शेअरचा भाव त्या कमाईच्या किती पट ते," सुन्या मध्येच बोलला. "पाच-सहा दिसला की डोळे झाकून घ्यायचा."

हे मला अजिबात पटलं नाही. व्हॅल्यू स्टॉक म्हणजे खऱ्या किमतीपेक्षा कमी भावात मिळणारा शेअर. डोळे झाकून घेतलेला शेअर तसा कसा होईल? कोल इंडियाचंच बघा. २०१० चा आयपीओ, म्हणजे लोकांना केलेली पहिली शेअर विक्री, २४५ रुपयांना आला. २०२० च्या ऑक्टोबरात भाव ११५ च्या आसपास होता. २०१९-२० मध्ये शेअरमागे कमाई सुमारे २७ रुपये, लाभांश १२ रुपये. पीई पाचच्याही खाली! कोळशाचे दिवस संपले, सरकार मालक, सारखं हिस्सा विकतं, असं जो तो म्हणत होता. पण विजेची मागणी होती, कंपनीच्या हाती रोकड होती. २०२४ मध्ये भाव पाचशेच्या वर गेला.

"मग माझंच खरं झालं ना?" सुन्या म्हणाला.

"आणि येस बँक?" अण्णांनी विचारलं. "२०१९ मध्ये पुस्तकी मूल्याच्या, म्हणजे हिशेबात मालमत्तेतून देणी वजा करून उरणाऱ्या रकमेच्या, मानाने तीही स्वस्तच दिसायची. पण बुडीत कर्जं बाहेर यायला लागली तसं ते मूल्यच विरत गेलं. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. जुलैत एफपीओ, म्हणजे आयपीओनंतरची नवी शेअर विक्री, १२ रुपयांना."

फरक इथेच आहे. कोल इंडियाबद्दल बाजाराला उद्याची भीती होती, येस बँकेच्या आकड्यांवरच भरवसा उरला नव्हता. म्हणून एका वर्षाचा पीई पुरत नाही. निदान आठ-दहा वर्षांचा नफा, कर्ज, धंद्यातून आलेली रोख बघावीच लागते. पोलाद कंपन्यांचा पीई तर बऱ्याचदा तेजीच्या शिखरावरच सर्वांत कमी दिसतो, कारण नफा तेव्हा फुगलेला असतो.

"एवढं वाचणार कोण?" बंड्या वैतागला.

"मग निफ्टी ५० व्हॅल्यू २० चा इंडेक्स फंड घे, वीस कंपन्या एकदम मिळतील," सुन्या म्हणाला. अण्णांना तेही मान्य नव्हतं. आधी एका कंपनीचा वार्षिक अहवाल वाच, असाच त्यांचा हट्ट. मी अण्णांच्या बाजूने.