कारण: भोपळा

सुरुवात लाल भोपळ्याने झाली. कोणी विचारलं की बाई गं तुला हा कोयत्यांचा नाद लागला कुठून, तर मी हेच सांगते आणि समोरचा हसतो, पण खरंच तसंच आहे. मंडईतून अख्खा भोपळा आणला होता, साडेतीन किलोचा, कारण फोड घेतली तर किलोमागे दहा रुपये जास्त पडत होते आणि आम्ही पडलो पुणेकर. घरी आल्यावर लग्नात आलेल्या स्टेनलेसच्या सेटमधली सगळ्यात मोठी सुरी त्यात खुपसली तर ती तिथेच बसली, पुढे जाईना की मागे येईना. मग मी मूठ धरून भोपळाच उचलला आणि ओट्यावर आपटला. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा मूठ माझ्या हातात, पातं भोपळ्यात आणि खालच्या मजल्यावरच्या काकू दारात. "फरशी फोडताय का गं?"

हॉलमध्ये वाती वळत बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "कोयती असती तर एका घावात झालं असतं." सासूबाई गुहागरकडच्या. एवढं बोलून त्या परत वातींकडे वळल्या, पण माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

पुढच्या शनिवारी मी रविवार पेठेत, बोहरी आळीत. दुकानदाराला म्हणलं कोयता आहे का, तर त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे अजून कोणी उभं आहे का ते पाहिलं.

"कशाला पाहिजे?"

"भोपळा."

"आधार कार्ड द्या."

मला वाटलं गंमत करतोय. गंमत नव्हती. २०२३ च्या सुरुवातीला रोज पेपरात कोयता गँग, कोयता गँग चाललं होतं ना, तेव्हापासून कोयता विकत घेणं म्हणजे सिमकार्ड घेण्यासारखं झालंय. त्याने एक लांबोडकी वही काढली, तिच्यात नाव, पत्ता, मोबाइल, आधार नंबर आणि शेवटचा रकाना 'कारण'. माझ्या वरच्या ओळीत कोणीतरी 'ऊस' लिहिलं होतं, त्याच्या वर 'नारळ विक्री'. त्याने चेहऱ्यावरची रेषही न हलवता माझ्या नावापुढे 'भोपळा' लिहिलं आणि म्हणाला, सही करा.

मग त्याने तीन कोयते काउंटरवर टाकले. टाकले म्हणजे टाकलेच, दण्णकन. एक उसाचा, पातळ आणि हलका, दिवसभर चालवला तरी मनगट भरून येऊ नये असा. एक लाकूडतोडीचा, तो मला एका हाताने नीट उचलताच येईना. आणि एक नारळाचा, जाड पाठीचा, टोकाला पोपटाच्या चोचीसारखा वळलेला, हातात धरला की वजन आपणहून पुढे झुकतं, म्हणजे अर्धं काम तोच करतो. मी तो हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला सोनाराच्या दुकानात बायकांना काय होत असेल ते कळलं.

दुकानदाराने तो पेपरात गुंडाळून दिला. मी पीएमटीत चढले, उभी राहिले, शेजारची बाई माझ्या काखेतल्या पुडक्याकडे सारखी बघतेय, मला वाटलं टोक बाहेर आलं की काय. तर ती वाचत होती. मोठ्याने. "कोयत्याचा धाक दाखवून दुकानदाराला लुटले." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कुठे चाललंय हो आपलं पुणं." मी म्हणलं, हो ना, आणि पुडकं दुसऱ्या काखेत घेतलं. त्या बाजूला राशिभविष्य होतं.

घरी येऊन दुसरा भोपळा फोडला. एकच घाव. असा काही "खच्च" आवाज आला की मी लगेच दोन्ही फोडी परत फोडल्या, मग त्यांच्याही फोडी, मग कळलं की आता चार दिवस घारगे, भरीत, रायतं आणि भाजी याशिवाय घरात काही होणार नाही.

सासूबाईंनी कोयता हातात घेऊन उलटसुलट केला, नखावर धार बघितली आणि नारळ आण म्हणाल्या. मी दोन पावलं मागे सरकून उभी. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, नारळ डाव्या हातात, आणि कोयता चक्क उलटा धरला. पाठीने नारळाच्या मधोमध टक, जरा फिरव, टक, जरा फिरव, टक, आणि सहाव्या की सातव्या टकेला तो नारळ आपणहून उघडला, दोन सरळ वाट्या, पाणी भांड्यात, खाली थेंब नाही. "नारळ फोडायला धार कशाला? धार काय फुकट येते?" त्यांचे वडील म्हणे कमरेला आकडी बांधायचे, तिच्यात कोयती अडकवायची आणि बागेत, बाजारात, कुठेही जायचं, कोणी वळून बघत नसे. मी म्हणलं आई, इथे तसं अलका चौकातून गेलं तर सगळं शहर वळून बघेल.

असं म्हणतात की एक विकत घेईपर्यंत छंद नसतो, दुसरा घेतला की असतो. (असं कोणी म्हणत नाही, नवरा म्हणाला.) दुसरी आली ती खुकरी. ऑफिसातली एक जण डेहराडूनला चालली होती, तिला म्हणलं येताना माझ्यासाठी बासमती नको, खुकरी आण. बिचारीने चेक-इन बॅगेत घालून आणली. खुकरीची गंमत म्हणजे म्यानाच्या मागच्या बाजूला दोन पिल्लं असतात, एक धारेचं छोटं पातं, कर्दा, आणि एक बोथट, चकमक, त्याच्यावर धार नीट करायची आणि गारगोटीवर मारलं तर ठिणगी पाडायची. एकावर दोन फ्री, याहून पुणेकराला काय हवं. मुठीजवळ पात्याला एक खाच असते, ती कशाला याची पंचवीस कारणं लोक सांगतात आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो.

नवऱ्याला मात्र रात्री झोप येईना. तो उठून मोबाइलवर कायदा वाचत बसला. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि त्याच्या नियमांत असं आहे की पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्रात मोडतं, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेलं सोडून. आणि त्यात खुकरीचं चक्क नाव घेऊन लिहिलंय. रात्री साडेबाराला आम्ही दोघं ब्लाउजच्या मापाची टेप घेऊन खुकरी मोजतोय. लांबी आठ इंच. रुंदी, सगळ्यात फुगीर जागी, पावणेदोन. नवऱ्याने तीनदा मोजली.

"आणि कोयता?"

"तो शेतीचा."

"आपली शेती कुठाय?"

मी बाल्कनीकडे बोट दाखवलं. तुळस, कोरफड, कढीपत्ता, आणि एक कुंडी ज्यात काय लावलं होतं ते आता कोणालाच आठवत नाही. तेव्हापासून फोडणीसाठी कढीपत्ता मी कोयत्यानेच तोडते, उगाच उद्या कोणी विचारलं तर.

तिसरा मात्र मी बनवून घेतला, आणि तो माझा सगळ्यात लाडका. सासवडकडे जाताना रस्त्याच्या कडेला घिसाड्यांची पालं दिसली, मी नवऱ्याला गाडी थांबवायला लावली. त्याने थांबवली, पण इंजिन चालू ठेवून. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत होता, एक पोरगा हाताने पंखा फिरवत होता, बुवा सांडशीत पाटा धरून ऐरणीवर फिरवत होते आणि घण घालत होती त्यांची बायको. माझ्याएवढीच असेल वयाने. बुवा हातोडीने नुसती जागा दाखवणार आणि ती बरोब्बर तिथे घण आणणार, अर्धा तास, न बोलता. मी जिमला जायचे त्याचे पैसे आठवून मला लाज वाटली.

सगळ्यात भारी शेवटी. पातं लालभडक झालं की बुवांनी फक्त धारेची कड पाण्यात बुडवली, चर्र झालं, लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासली आणि नुसते बघत बसले. मीही वाकून बघायला लागले. मागच्या पाठीत अजून ऊब होती ना, ती हळूहळू धारेकडे सरकायला लागली आणि त्या घासलेल्या पांढऱ्या पट्टीवर रंग चढत गेला, आधी फिकट पिवळा, मग मधासारखा, मग कुठेतरी जांभळट छटा येतेय न येतेय तोच त्यांनी अख्खा कोयता पाण्यात घातला. "आधी बुडवला तर धार तडकती, उशीर झाला तर वळती," एवढंच म्हणाले. याला पाणी देणं म्हणतात. माणसाचं पाणी जोखणं वगैरे आपण जे बोलतो ते मी चाळीस वर्षं बोलतेय आणि ते पाणी असं पहिल्यांदा पाहिलं. साडेपाचशे रुपये झाले. मी घासाघीस केली नाही, नवरा गाडीतून उतरून बघायला आला मला बरं वाटतंय ना.

लोखंडाचे नखरे मात्र फार. स्टेनलेससारखं धुऊन ठेवून दिलं की झालं असं नाही. पावसाळ्यात ओला ठेवला तर सकाळी गंजाचे ठिपके, म्हणून पुसा, खोबरेल लावा, आणि मग सकाळी पपई कापली की ती पॅराशूटच्या वासाची. वांगी काळी पडतात, कैरी तर विचारूच नका. लेकीने डबा परत आणला, मैत्रिणींनी विचारलं म्हणे की तुझी आई भाजीत शाई घालते का. दारावर धारवाला आला तर मी हौसेने घिसाड्याचा कोयता घेऊन धावले. त्याने सायकल स्टँडवर चढवली, पायडल मारलं, कोयता बघितला आणि पायडल थांबवलं. "ताई, हा चाकावर नका देऊ. कड तापली की पाणी उतरंल. दगडावर घासा घरी." स्वतःचं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस मी पुण्यात बरेच पाहिलेत पण कारण सांगून पाठवणारा पहिला.

सहावा आला तेव्हा घरात मीटिंग झाली. मी केळकर म्युझियमचं उदाहरण दिलं. म्हणलं एका माणसाने नुसते अडकित्ते किती जमवले बघ, मोराचे, घोड्याचे, जोडप्यांचे, लोक तिकीट काढून बघतात. नवरा म्हणाला, "त्यांनी म्युझियम काढलं. आपला टू बीएचके आहे." मग मी भावनिक झाले. म्हणलं ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात, मुकादम जोडी मोजत नाही, कोयते मोजतो, एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. त्यावर तो म्हणाला, मग आपल्या घरात सहा कोयते म्हणजे अजून पाच संसार कुठे आहेत? खरं तर ज्यांना थंडीत सहा महिने घर सोडून तो कोयता चालवावा लागतो त्यांच्यासमोर माझ्या या हौसेबद्दल तोंडही उघडू नये. पण वादात हरत असताना माणूस काहीही वापरतो. कामाच्या मावशींनी तिकडून स्वतंत्र अट घातली, ते सगळं आत ठेवा, मग भांडी घासते.

आणि मग नाकाबंदी. रविवारी सासूबाईंना मागे बसवून खडकवासल्याच्या बाजूने स्कूटरवर येत होते. एका ओळखीच्यांच्या शेतात फणस उतरवला होता, तिथे कोयता लागणार म्हणून नेला होता. सिंहगड रोडला बाजूला घेतलं. डिक्की उघडा. उघडली. हवालदारांनी गोणपाट बाजूला केलं आणि त्यांचा आवाज बदलला.

"हे काय आहे?"

इथे मी आयुष्यातली मोठी चूक केली. म्हणलं, "छंद आहे. घरी अजून पाच आहेत."

मागून सासूबाईंनी मला जो चिमटा काढला त्याचा वळ बुधवारपर्यंत होता. "माझा आहे तो," त्या म्हणाल्या, "फणसाला नेला होता," आणि मांडीवरची गऱ्यांची पिशवी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. आता त्या वासापुढे कुठल्याही चौकशीचं काही चालत नाही. हवालदारांनी कोयता उचलला, उजेडात धरला, अंगठा धारेवर आडवा फिरवला. मग तोंड वाकडं केलं.

"धार कोणी लावली?"

"मी."

"एकाच अंगाने घासलीये. पार लंगडा केलाय की हो. आमच्या आबांनी बघितला असता तर..." आणि मग त्या माणसाने ट्रॅफिक सोडून, बॅरिकेडला टेकून मला पाच मिनिटं दाखवलं की दगड कसा धरायचा, किती वेळा या अंगाने, किती वेळा त्या अंगाने, मध्ये पाणी कधी मारायचं. मागे गाड्यांची रांग. माझं नाव-पत्ता मात्र त्यांनी डायरीत लिहून घेतलंच. कारण विचारलं नाही, गरे घेतले.

परवा परत बोहरी आळीत गेले. काही घ्यायचं नव्हतं खरं तर, नुसतं बघायला. पण एक आला होता, कोकणातला, हातभर, पिवळसर बांबूच्या मुठीचा, पितळी कडीवाला. दुकानदाराने न विचारता वही काढली आणि मागची पानं उलटत गेला.

"भोपळा," त्याने वाचलं. "मग नारळ. मग सुरण. मग फणस. मग... हे काय, ऊस?"

"संक्रांतीला वाणात द्यायचा होता."

त्याने पेन उघडलं आणि 'कारण'च्या रकान्यावर टेकवून माझ्याकडे बघत बसला. मागे दोन गिऱ्हाईकं. मी मंडईतले सगळे गाळे डोळ्यांसमोर आणले, एकेक टोपली आठवली.

"कोहळा," मी म्हणाले.