कारण: चालक

परवा रविवारी सकाळी इंदूरच्या खंडवा रोडवर, सिमरोलच्या अलीकडच्या चढावर मी भर रस्त्यात ट्रक उभा करून ठेवला, आणि स्कुटीवरची एक मुलगी बाजूनं जाताना म्हणाली, "अंकल, सेल्फ मारो!" सेल्फ कशाला मारू? गाडी बंद पडलीच नव्हती. इंजिन छान चालू होतं, गाडी फक्त कुठल्याच गिअरमध्ये नव्हती. पण हे तिला ओरडून सांगेपर्यंत ती आयआयटीच्या गेटात पोचली असेल, आणि तसंही "अंकल" ऐकल्यावर माणसाची सांगण्याची इच्छा उरत नाही.

तर झालं असं की आमचं टाइल्सचं छोटं गोदाम आहे, एक सेकंडहँड सहाचाकी आहे, आणि गव्हाच्या कापणीला उस्ताद, म्हणजे आमचा ड्रायव्हर, गावी गेला की ती महिनाभर कडुलिंबाखाली उभी राहून फक्त हप्ते खाते. म्हटलं आपणच शिकू. कारचं लायसन्स वीस वर्षांचं आहे, हेवीच्या लर्निंगला एका वर्षाचं पुरतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रीतसर पैसे भरले, तिथे महिनाभर एका मैदानात दुसऱ्या गिअरवर गोल गोल फिरवलं आणि फॉर्म पाच, म्हणजे शिकल्याचा दाखला, हातात दिला. गिअर कमी कसा करायचा विचारलं तर मास्तर म्हणाला, "वो तो रोड पे आ जाएगा." रोड पे आलो. ते काही आलं नाही.

कारवाल्यांना यातलं दुःख कळणार नाही, म्हणून सांगतो. कारच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेशच्या रिंगा असतात, त्या बिचाऱ्या आतल्या आत दोन्हीकडचा स्पीड जुळवून घेतात, आपण मोबाईलवर बोलत गिअर टाकला तरी चालतं (बोलू नये, पण चालतं). आमच्या जुन्या गाडीत ही जुळवाजुळव ड्रायव्हरनं करायची. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, परत क्लच दाबा, मग खालचा गिअर. एका गिअरला दोन क्लच. बाराशेवर फिरणारं इंजिन एक गिअर खाली आलं की त्याच स्पीडला अठराशेच्या आसपास फिरायला पाहिजे, आणि हा मधला सहाशेचा फरक पायानं, कानानं, क्षणात भरायचा. कमी पडला तर खर्रर्र. जास्त झाला तरी खर्रर्र. शिवाय चढावर तुम्ही न्यूट्रलमध्ये विचार करत बसलात की गाडीचा स्पीड पडतो, मग मघाशी जो तिसरा लागणार होता त्याची वेळ गेलेली असते, आता दुसरा पाहिजे, आणि दुसऱ्याचा हिशोब करेपर्यंत स्कुटीवाली आलेली असते.

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण गाडीत नाना होते.

नाना म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून, आणि या विषयावर नानांसमोर बोलायचं नसतं. सकाळी पोहे-जलेबी खाताना त्यांना प्लॅन कळला आणि ते म्हणाले, "गार्डशिवाय गाडी कशी हलेल?" आम्ही हसलो. वीस मिनिटांनी ते खाली हजर, गळ्यात शिटी, हातात जाड वही, डोक्याला मफलर. केबिनमध्ये खिडकीशी बसले, उस्ताद माझ्या बाजूला, आणि मी प्रत्येक गिअरला हात घातला की फुर्रर्र! आधी शिटी, मग खर्रर्र. तेजाजी नगरपर्यंत लोकांना वाटलं वरात येतेय.

"नाना, शिटी नको ना, मी दचकतो."

"नियम आहे बाबा. बाकी एक सांगू का, पुढे बसायची माझी ही पहिलीच वेळ. आख्खा जन्म गाडीच्या शेपटाला, ब्रेकव्हॅनमध्ये गेला. समोरून येणारा रस्ता इतका घाण दिसतो हे माहीत नव्हतं."

मग ते महू-खंडवा या जुन्या मीटरगेज रेल्वेवर घसरले. पाताळपाणी ते कालाकुंड, चाळीस फुटांना एक फूट उतार, घाटात शिरायच्या आधी गाडी थांबवून ब्रेक तपासायचे. लोक म्हणतात तंट्या मामाला, इंग्रजांशी लढलेल्या तंट्या भिल्लाला, सलामी म्हणून थांबायची. "दोन्ही खरं," नाना म्हणाले, "सलामी दिली की ब्रेक लागतात." आणि ही लाईन व्हावी म्हणून होळकरांनी इंग्रजांना एक कोटी दिले होते म्हणे, साडेचार टक्क्यांनी, एकशे एक वर्षांसाठी. साडेचार! मला या ट्रकवर किती पडतंय ते मी घरातही सांगितलेलं नाही. या विचारात होतो तेवढ्यात तो चढ आला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नाना शांतपणे खाली उतरले, मागे गेले, मफलर सोडला (लालच होता, मी आधी लक्ष दिलं नव्हतं) आणि पन्नास पावलांवर उभं राहून तो हलवायला लागले. एक बस, दोन डंपर आणि उसाची ट्रॉली मुकाट्यानं थांबली. इंदूरच्या पलासिया चौकात हिरवा व्हायच्या आधी हॉर्न मारणारी हीच माणसं! मी पहिला टाकला, क्लच जरा जास्तच हळू सोडला, गाडी थरथरत निघाली आणि केबिनभर जळका वास सुटला. सिमरोलला उस्तादनं हात दाखवला, "बस भिया. आगे भेरूघाट है." घाटात जो गिअर चढायला लागतो तोच उतरायला लागतो, आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी पाडायचा असतो. उतारावर न्यूट्रलमध्ये अडकलं तर सगळं ओझं ब्रेकवर, ड्रम तापले की पाय दाबून काही उपयोग नाही. हे उस्ताद मला आठ वर्षांत कधी बोलला नव्हता. मी कधी विचारलं पण नव्हतं. मी फक्त बिलं बघायचो. दोन वर्षांपूर्वी क्लचप्लेट गेली तेव्हा "तू गिअर खातोस" म्हणून अर्धे पैसे त्याच्या पगारातून कापले होते. आता मला असं वाटतं की ती प्लेट गाडी घेतली तेव्हापासूनच झिजलेली असणार, पण हे आता कोणाला सांगू.

चहाच्या टपरीवर नाना वही लिहीत होते. मी डोकावलो. तारीख, वेळ ९.४०, सिमरोलपूर्वी, विलंब ११ मिनिटे. कारण: चालक.

"नाना, 'यांत्रिक बिघाड' लिहा ना."

"यंत्र चालू होतं."

"निदान 'रहदारी' तरी."

"रहदारी मी थांबवली होती. गार्डच्या वहीत खाडाखोड चालत नाही रे."

उस्तादला मराठी वाचता येत नाही. त्यानं विचारलं, क्या लिखा? नानांनी शुद्ध हिंदीत, शब्दाशब्दावर बोट ठेवून सांगितलं. तो काही बोलला नाही. चहाचा ग्लास बाकावर ठेवला, हात पँटला पुसले, खिशातून मोबाईल काढला आणि त्या पानाचा फोटो घेतला. पहिला हलला म्हणून परत एक घेतला.