खुलासा : हवा सोडून एसयूव्ही खाली होत नाही

ठाण्यातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘एअर सस्पेन्शनची एसयूव्ही फुकटात खाली करा. रबरी फुग्याच्या पाइपचा नट सैल करून थोडी हवा सोडा. आरटीओचीही अडचण नाही.’ कृपया असं करू नका.

एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे गाडी पेलतात. चाकाजवळ उंची मोजणारा सेन्सर असतो. त्याला जोडलेली बोटाएवढी दांडी, दोन्ही टोकांना बॉल जॉइंट. एक टोक सस्पेन्शनच्या आर्मला, दुसरं सेन्सरच्या पात्याला. गाडी खाली गेली की सेन्सर ते कळवतो आणि कॉम्प्रेसर परत हवा भरतो. नट सैलच राहिला तर कॉम्प्रेसर चालून चालून जळतो, आणि तो स्वस्त नसतो.

स्वस्त मार्ग आहेत. आधी गाडीतलाच लो मोड बघा, बऱ्याच मॉडेलांत असतो. कायमची खाली हवी असेल तर ती दांडीच वेगळ्या लांबीची बसवतात. सेन्सरला गाडी उंच वाटते, ईसीयू (गाडीतला कंट्रोल कॉम्प्युटर) स्वतःच हवा कमी करतो. नंतर चाकांचं अलाइनमेंट कराच, नाहीतर टायर आतल्या बाजूने झिजतात. हेडलाइटची पातळीही तपासा.

आरटीओचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड होऊ शकतो. विमा कंपनीलाही आधी विचारा. आणि पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून जायचं असेल, तर गाडी मूळ उंचीवरच ठेवा.