कुडाळहून येताना

ठाण्यात राहणाऱ्या कोकणी माणसाची मे महिन्याची सुट्टी जाताना एका पिशवीची असते आणि परतताना टेम्पोभर. रेल्वेच्या नियमानुसार स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते. हा आकडा ज्याने ठरवला, त्याला सिंधुदुर्गात काकी नसावी.

आमच्या कुडाळच्या काकींच्या पडवीत आदल्या रात्रीपासूनच उकडे तांदूळ, कुळथाचे पीठ, सोलं, फणसपोळी, काजूगर आणि पेंढ्यात बसवलेले हापूस यांचे ढीग लागतात. ‘नारळ ठाण्यात जांभळी नाक्यालाही मिळतात गं,’ असे मी एकदा अत्यंत सौम्यपणे सुचवून पाहिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी घराण्यातून नाव काढून घेण्याचा अर्ज दिला होता. त्यानंतर पिशवीत आणखी चार नारळ पडले. गाडीला तासभर उरला असता काका परसातून फणस घेऊन येतात, आणि माझा चेहरा पाहून काकी म्हणतात, ‘‘गाडयेत बसान जातलंस, डोक्यार थोडोच न्हेवचो हा!’’

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, त्याआधी हे सारे एसटीच्या टपावर चढत असे. टपाला निदान मर्यादा होती आणि फणसाचा वास बाहेरच्या बाहेर राहत होता. आता तो बर्थखाली असतो, आणि एकट्या आमच्याच नव्हे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. त्या काळोखात, डबाभर पिकलेल्या फणसांच्या सहवासात, समोरच्या बर्थवरील आजोबांनी आमचा फणस बोटाने वाजवून तो कडक गऱ्यांचा कापा नसून मऊ गऱ्यांचा बरका असल्याचा निर्णय दिला. आमच्या हिने तो मानला नाही. वाद चिपळूण येईपर्यंत चालला आणि त्यात वरच्या बर्थवर झोपलेल्यांनीही, डोळे न उघडता, मते दिली.

ठाण्याला गाडी जेमतेम थांबते, त्यामुळे पनवेल सुटले की सामान दाराशी रचावे लागते आणि त्यावरून ओलांडून जाणाऱ्या प्रत्येकाची क्षमा मागावी लागते. फलाटावर उतरताना पेटी आधी, तांदूळ नंतर आणि मुले शेवटी, हा क्रम आमच्याकडे ठरलेला आहे. मुले निदान स्वतःच्या पायांनी उतरतात. बाहेर रिक्षावाल्याने ‘‘किती जण?’’ असे विचारले, मग फणसाकडे पाहून पुन्हा तेच विचारले.

घरी आल्यावर पलंगाखाली आढी घातली जाते आणि रोज सकाळी एकेक आंबा हुंगून सोसायटीतील वाटपाची यादी ठरते. शेजारच्यांना चार, वरच्यांना सहा (कारण गेल्या वर्षी त्यांनी फणसपोळी मागून नेली व चवीचे कौतुक केले), रखवालदाराला दोन. तळमजल्यावरचे बिऱ्हाड मात्र मूळचे रत्नागिरीचे. त्यांनी आमचे सहा आंबे हसतमुखाने ठेवून घेतले, आतून स्वतःकडचे सहा आणून हातावर ठेवले आणि म्हणाले, ‘‘देवगडकडचा तुमचा बरा असतो हो, पण हा जरा खाऊन बघा.’’ ते सहा आता आमच्या आढीत वेगळ्या कोपऱ्यात आहेत. काकींचा फोन आला की ही त्यांच्यावर वर्तमानपत्र टाकते.