एक्स्टेन्शन लपवू नका हो

स्क्रीनशॉट आणि फोल्डरच्या सेटिंगवरचा लेख कामाचा आहे, पण ‘फाइलच्या नावापुढचं शेपूट लपलेलंच बरं, स्क्रीन स्वच्छ दिसते’ हे काही पटलं नाही. हे शेपूट म्हणजे एक्स्टेन्शन, फाइलचा प्रकार सांगणारा नावाच्या शेवटचा भाग. चोपड्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. केळीच्या विम्याच्या दिवसांत तर चहा प्यायलाही उसंत नसते. मागच्या वर्षी एका पोर्टलला पावती जेपीजी या चित्राच्या प्रकारातच हवी होती. विन्डोज + प्रिंटस्क्रीन दाबून स्क्रीनशॉट घेतला की फाइल पीएनजी या दुसऱ्या प्रकारात होते. आमच्या पोऱ्याने नाव बदलून ‘पावती.जेपीजी’ केलं. शेपूट लपलेलं, त्यामुळे खरं नाव झालं ‘पावती.जेपीजी.पीएनजी’! पोर्टल दर वेळी नाकारतंय आणि काउंटरपलीकडून काका विचारताहेत, “काय व्हयनं भाऊ?” अर्धा तास गेला. नाव बदलून फाइलचा प्रकार बदलत नाही. पेंटमध्ये उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ने जेपीजी करावी लागते.

विन्डोज ११ मध्ये फोल्डर उघडून व्ह्यू, शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा. १० मध्ये व्ह्यूच्या पट्टीतच चौकोन आहे. ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ असली, बिल असल्याचं भासवणारी पण खरं तर प्रोग्रॅम असलेली भामटी फाइलही मग लगेच ओळखू येते.

आणि एक राहिलं. स्क्रीनशॉट ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरात साठतात. त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह केलं की ते डी ड्राइव्हवर नेता येतात. माझं सी ड्राइव्ह तेव्हापासून जरा मोकळं आहे.