सोय दोन हजार वर्षांपूर्वीची

आलिशान क्रूझवर धडधाकट माणूस आठवडाभरात निकामी होतो, हे कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत. सुरुवातीला आपण आपली खुर्ची आपणच ओढतो, आपला कप आपणच उचलतो. मग कोणीतरी धावत येऊन ते काम हातातून काढून घेतं. थोड्या दिवसांत धावत येणाऱ्याची वाट बघायची सवय लागते. आमचा बटलर ह्यांच्या चष्म्याच्या काचासुद्धा पुसायचा. नको म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा, म्हणून हे चष्मा मुद्दाम मळवून ठेवू लागले.

अशा लोकांना एका संध्याकाळी जमिनीवर उतरवायचं, ठेवणीतले कपडे घालायला लावायचे, पडक्या शहरातून चालवत न्यायचं आणि मेणबत्तीच्या उजेडात जेवायला बसवायचं, याला महिनोन्‌महिने चालणाऱ्या सफरींमध्ये खास मेजवानी म्हणतात. १९२२ साली ‘लॅकोनिया’ नावाचं जहाज न्यूयॉर्कहून प्रवाशांना घेऊन जगप्रदक्षिणेला निघालं. तेव्हापासून ही मंडळी बंदरोबंदरी प्रवासी उतरवतात आणि मोजून परत चढवतात. शंभर वर्षांत मोजण्याच्या बाजूला काही प्रगती झालेली मला तरी दिसली नाही. पण त्याबद्दल पुढे.

आमंत्रणाचं सोनेरी कडांचं पाकीट उशीवर होतं. तुर्कस्तानातल्या कुशादासी बंदरात मुक्काम, तिथून इफेससच्या प्राचीन अवशेषांत संगीत आणि भोजन, सर्व प्रवाशांना विनामूल्य.

“अहो, विनामूल्य कसलं? ह्याचे पैसे आपण गेल्या वर्षीच भरलेत.”

“म्हणून तर सोडायचं नाही,” हे म्हणाले.

पोशाखाबद्दल सूचना होती: रुबाबदार, मात्र पायांत चालण्यास सोयीचे. रुबाब आणि सोय दोन्ही एकदम सांभाळणारी चप्पल मला अजून भेटायची आहे. साडीवर बूट घालण्याइतकी मी अजून निर्भीड झालेली नाही. शेवटी टाचेच्या सँडल घातल्या.

त्या दुपारी जहाजावरच्या लाँड्रीत युद्धाचं वातावरण होतं. बटलर, शॅम्पेन, झुंबरं सगळं असूनही अशा जहाजांवर प्रवाशांसाठी एक छोटी लाँड्री असते, आणि खरी माणसं तिथे भेटतात. वर डायनिंग हॉलमध्ये एकमेकींना ‘आधी तुम्ही’ म्हणणाऱ्या बायका खाली इस्त्रीच्या टेबलावर कोपराने जागा धरतात. दुसरीचे ओले कपडे ड्रायरमधून बाहेर काढून ठेवल्यावरून तुटलेली मैत्री मी पाहिली आहे. मी साडी पसरली तेव्हा मागच्या रांगेचा धीर सुटला. एक बाई बराच वेळ कापडाचं दुसरं टोक शोधत होत्या. मग त्यांनी अगदी आदबीने विचारलं, “हे तुम्ही एकट्याच घालणार?”

पाच वाजता सगळ्यांना जहाजाच्या नाट्यगृहात जमवलं आणि स्टिकर वाटले. बस क्रमांक चौदा. स्टिकर छातीवर लावायचा. टक्सिडो घातलेले, हिऱ्यांनी मढलेले, आयुष्यात हजारो माणसांना कामाला लावलेले लोक छातीवर गोल नंबर चिकटवून निमूट बसले होते. माझ्या जरीच्या काठावर तो चिकटेना आणि रेशमावर चिकटला तर निघेना. शेवटी मी तो कपाळावर लावायच्या बेतात होते, तेवढ्यात ह्यांनी तो माझ्या पर्सवर लावला.

गँगवेवर प्रत्येकाचं कार्ड मशीनपुढे धरलं की ‘टिंग’ होतं आणि आपण जहाजावर नाही अशी नोंद होते. पासपोर्ट जहाजाच्या ताब्यात, म्हणजे परक्या देशात आपली ओळख त्या प्लास्टिकच्या तुकड्यापुरती. धक्क्यावर पाऊल ठेवलं आणि जमीन हलली. भूकंप नव्हता. बरेच दिवस डुलणाऱ्या फरशीवर राहिलं की मेंदू डुलणं गृहीत धरतो आणि पाय तशी आगाऊ तयारी करत राहतात. मग स्थिर जमिनीवर माणूस झोकांड्या खातो. आम्ही सगळे सजूनधजून, एक थेंब न पिता, झिंगल्यासारखे बसकडे निघालो.

बसमध्ये गाइडने माइक घेतला. इफेसस हे रोमन काळात बंदर होतं, मोठं आणि श्रीमंत. पण तिथल्या नदीने शतकानुशतकं गाळ आणून ओतला, बंदर बुजलं, समुद्र काही किलोमीटर मागे सरकला आणि शहर कोरड्यावर पडलं. म्हणून आपल्याला कुशादासीहून वीसेक किलोमीटर बसने जावं लागतं.

“म्हणजे गाळ वेळेवर उपसला असता तर थेट दारात उतरलो असतो,” हे म्हणाले. नोकरीत असताना ह्यांनी अशाच शेऱ्यांनी फायली परत पाठवल्या असणार.

वरच्या दरवाज्यातून आत सोडलं. तिथून क्युरेटीस नावाचा रस्ता उतरत उतरत ग्रंथालयापाशी जातो. रस्ता दगडी, त्यात संगमरवर, आणि तो संगमरवर रोमनांच्या वहाणांपासून कालपरवाच्या पर्यटकांच्या बुटांपर्यंत सगळ्यांनी घासून आरशासारखा केलेला. त्यावर टाचा, निऱ्या, समुद्राकडून येणारा वारा आणि अजूनही डुलणारे पाय. मी ह्यांचा दंड धरला, ह्यांनी पुढच्या गृहस्थांचा कोट धरला, त्या गृहस्थांनी एका स्तंभाला मिठी मारली. बाजूला भाडोत्री रोमन शिपाई भाले घेऊन स्वागताला उभे होते. आमच्यातल्या एका आजीबाईंनी त्यांतल्या एकाला विचारलं, “लिफ्ट कुठे आहे?” त्याने भाल्याने पायऱ्या दाखवल्या.

मग वळणावर सेल्ससचं ग्रंथालय समोर आलं आणि सगळे गप्प झाले. प्रकाशझोतात उजळलेला दोन मजली दर्शनी भाग, उंच खांब, कोनाड्यांत चार स्त्रियांचे पुतळे. दुसऱ्या शतकात एका मुलाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ हे बांधलं. वडील सेल्सस, रोमन साम्राज्यात आशिया प्रांताचे राज्यपाल. आत १२,००० गुंडाळ्या मावत असं सांगतात, आणि खाली तळघरात खुद्द सेल्ससचं दफन. आता पुस्तकं नाहीत, छप्पर नाही, मागे फारसं काही नाही. समोरचा भागसुद्धा कोसळलेला होता. ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० ते १९७८ या काळात तुकडे जुळवून तो पुन्हा उभा केला. ते चार पुतळेही नकला आहेत, अस्सल व्हिएन्नात.

गाइडने एक गंमत सांगितली. जागा अरुंद होती, म्हणून मधले खांब कडेच्या खांबांपेक्षा जरा मोठे घेतले. त्यामुळे इमारत आहे त्याहून रुंद भासते. हे मला तेव्हा नीटसं कळलं नाही. पुढे जेवण आलं तेव्हा कळलं: हातभर बशी, आणि मधोमध वांग्याची एक चकती उभी करून ठेवलेली.

टेबलं ग्रंथालयापुढच्या मोकळ्या जागेत मांडली होती. खाली दोन हजार वर्षांची फरसबंदी, म्हणजे एकही टेबल चार पायांवर टेकत नव्हतं. प्रत्येक टेबलाशी एक तरी प्रवासी मेजवानीभर गुडघ्याने ते तोलून धरत होता. आमच्याकडे ते काम ह्यांच्याकडे आलं. मेणबत्त्या वाऱ्याने दर पाच मिनिटांनी विझायच्या. गाइड अभिमानाने सांगत होता की प्राचीन जगात रस्त्यांवर दिवे असणारी शहरं मोजकीच, त्यांत इफेसस. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ५० दिवे होते, तसा शिलालेखच सापडलाय. त्या पन्नासांतला एक जरी आमच्या टेबलावर उरला असता तर मी लोण्याचा गोळा चीज समजून खाल्ला नसता.

भाषणं झाली. क्रूझ डायरेक्टर बोलले, त्यांच्या वरचे बोलले, मग कोणाचे तरी आभार मानणारे बोलले. व्हायोलिनवाले बसले आणि टेलिफोनवर आपल्याला ताटकळत ठेवतात तेव्हा वाजते ती धून त्यांनी सुंदर वाजवली. खरंच सुंदर, समोर खांबांवर उजेड हलत होता आणि घटकाभर मी सँडल विसरले. तेवढ्यात पायाला काहीतरी मऊ लागलं. इफेससचे खरे रहिवासी आता मांजरं आहेत. आधी एक आली, तिने पाहणी केली, मग तिचं अख्खं खानदान आलं. एक बोका चेलोवाल्याच्या मागे तुटक्या खांबाच्या तळखड्यावर चढून श्रोत्यांकडे तोंड करून बसला. त्या संध्याकाळी तिथे अवघडलेला नव्हता असा तो एकटाच. कारण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी शॅम्पेन नाकारली, पलीकडचीने पाणी बाजूला सारलं, तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असल्याची माझी खात्री पटली.

प्रसाधनगृह कुठे आहे?

विचारायचं कसं? पुरुष मंडळी बिनदिक्कत विचारतात. आम्ही बायका आधी अंदाज घेतो, मग दुसरी कोणी उठते का ते पाहतो, मग दोघी मिळून ‘जरा फोटो काढून येते’ म्हणतो. मला येताना रस्त्यात पाटी दिसली होती, बाण आणि त्यापुढे नेमका तोच शब्द. मी पदर खोचला आणि त्या दिशेने निघाले. कोपऱ्यावरून वळले तर समोर भिंतीला धरून संगमरवरी बैठकांची लांब रांग. प्रत्येकीत कुलपाच्या भोकासारखा आकार कोरलेला. आडोसा नाही, दार नाही, दोन बैठकांमध्ये हातभर अंतर नाही.

मी थबकले. इतक्या खर्चाच्या सफरीत असं काही असेल यावर विश्वास बसेना, आणि अगदीच अविश्वासही वाटेना. कारण जहाजावर रोज काहीतरी ‘अस्सल अनुभव’ म्हणून खपवत होतेच. मागून पावलं वाजली. आमच्या टेबलावर नेहमी वाढायला असणारा मराठी मुलगा ट्रे घेऊन चालला होता.

“काकू, तिथे नको,” तो घाईघाईने म्हणाला. “ते दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे.”

“मग आजचं कुठे आहे?”

त्याने बोट दाखवलं. लांब, अंधारात, वरच्या बाजूला, तोच घसरडा रस्ता उलटा चढून. तिथे तात्पुरत्या केबिन आणून ठेवल्या होत्या आणि बाहेर तमाम हिरे रांगेत उभे होते.

त्या रांगेत मला रोमनांबद्दल जो आदर वाटला तो ग्रंथालयापुढे वाटला नव्हता. भर रस्त्यालगत, स्नानगृहाला लागून, एका वेळी कितीतरी जणांची सोय. खालून सतत वाहतं पाणी, पुढ्यात हात धुवायला आणखी एक पाट. गाइड म्हणाला होता की थंडीत श्रीमंत लोक दगड गरम करायला आधी गुलामाला बसवून ठेवत. खरं-खोटं तोच जाणे, पण बटलरची कल्पना काही नवी नाही एवढं समजलं. आणि आम्ही? लागोपाठ तीन दारं, त्यातलं एक बंद न होणारं. सहा वार कापड घेऊन त्या उभ्या पेटीत शिरणं आणि बाहेर येणं याचं वर्णन मी करणार नाही. रांगेतल्या बाई मात्र मला आल्यावर म्हणाल्या, “आता कळलं, एकट्याच घालता.”

परत आले तर गोड पदार्थ येऊन गेलेला, माझा वाटा ह्यांनी सांभाळलेला, आणि बोक्याने तो खाल्लेला.

निघताना पुन्हा मोजणी. आमच्या बसमध्ये एकजण जास्त निघाला. नऊ नंबरच्या बसमध्ये एक कमी होता, हे वॉकीटॉकीवरून सगळ्या ताफ्याला कळलं, पण नियम असा की स्टिकर आणि बस जुळल्याशिवाय कोणीही हलायचं नाही. आमच्यात चुकून चढलेले गृहस्थ खिडकीशी गाढ झोपले होते. जागे केल्यावर म्हणाले, सगळे एकाच जहाजावर चाललो आहोत ना? याला उत्तर कोणाकडेच नव्हतं. गाइड विनवण्या करत होता, ड्रायव्हर घड्याळ बघत होता, आणि अकराच्या आत जहाजावर पोचायचं होतं.

हे उठले. शांतपणे कोटावरचा चौदाचा स्टिकर काढून त्या गृहस्थांच्या छातीवर लावला आणि त्यांचा नऊचा आपल्याला.

“झालं. आता हे बरोबर बसलेत,” हे म्हणाले.

गाइडने पुन्हा मोजलं. ते गृहस्थ आता नियमात बसत होते. नियमात बसत नव्हते ते हे. “सर,” गाइड हात जोडून म्हणाला, “तुमची बस नऊ नंबर.” आणि ज्या माणसाने आयुष्यभर नियम दाखवून लोकांना परत पाठवलं, तो माणूस एक अक्षर न बोलता खाली उतरून अंधारात नऊ नंबर शोधायला गेला.

नऊ नंबर आमच्या आधी पोचली. जहाज दिव्यांनी लखलखत होतं, धक्क्यावर लाल गालिचा घातला होता, बँड वाजत होता आणि जेवून परत आल्याबद्दल खलाशी दुतर्फा उभे राहून आमच्यासाठी टाळ्या वाजवत होते. मी सँडल हातात घेऊन उतरले. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या रांगेत शेवटी हेही उभे होते. माझ्या वाटणीचा गरम टॉवेल ह्यांनी घेऊन ठेवला होता, आणि त्याने आपला चष्मा पुसून झाला होता.