दाराचा नंबर ही चूक नव्हे

'फ्रेंड्स' या अमेरिकन विनोदी मालिकेतल्या चुकांवरचा लेख वाचला. मोनिका या पात्राच्या फ्लॅटच्या दारावरचा नंबर 5 मध्येच 20 होतो, ही मालिकेतली सगळ्यात ढोबळ चूक असं त्यात म्हटलंय, ते काही पटलं नाही. ही चूक नाही, चुकीची दुरुस्ती आहे. तिची खिडकी रस्त्यापासून एवढी उंच दिसते आणि 5 नंबर तर खालच्या मजल्याचा वाटतो! हे पहिल्याच सीझनमध्ये लक्षात आलं आणि नंबर बदलला. समोरच्या चँडलर-जोईच्या दारावरच्या 4 चा 19 झाला तोही त्याच हिशेबाने.

खरी गंमत आहे मोनिकाच्या भावाच्या, रॉसच्या वयात, आणि तिचा लेखात साधा उल्लेखही नाही. पहिल्या सीझनमध्ये स्वारी 26 वर्षांची, पुढे तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या सीझनमध्ये मात्र 29 वरच मुक्काम. मी सगळे भाग सलग पाहिले म्हणून खटकलं. आठवड्याला एक भाग बघणाऱ्याला कुठून कळणार? कपातली कॉफी शॉटगणिक कमीजास्त होते ते मात्र मी माफ करतो. प्रेक्षकांसमोर तोच प्रसंग अनेक कॅमेऱ्यांनी पुन्हापुन्हा चित्रित व्हायचा आणि संकलनात वेगवेगळे टेक जोडले जायचे. तिथे कप कोण बघत बसतो!